सार्डिनियाच्या मातीतला बिनडोळ्यांचा भुंगेरा

नसरीन दुकानात आली, स्टुलावर बसली आणि पाणीही न पिता म्हणाली, "वंदना, दाट विणीचं मलमल दाखव. माती गाळायचीय."

गुलमंडीत कापडाचं दुकान चालवताना लोक कशाकशासाठी कापड नेतात ते मी खूप ऐकलंय. पण माती गाळायला मलमल कुणी मागितलं नव्हतं. कुठली माती, असं विचारलं तर म्हणाली, इटलीच्या पश्चिमेला समुद्रात सार्डिनिया नावाचं बेट आहे, तिथली. मी थान खाली काढेपर्यंत तिनं पुढचंही सांगून टाकलं. मुलाला सुट्टी मिळत नाही, एकटीनं जायची हिंमत होत नाही, तेव्हा तू चल.

नसरीन आणि मी वैजापूरच्या शाळेतल्या मैत्रिणी. तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं, माझ्या बापाची मेंढरं. ती शिकून इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागली, मी लग्न होऊन गुलमंडीत आले. तिचं सगळं आयुष्य रोव्ह बीटल नावाच्या भुंगेऱ्यांत गेलं. त्यातला एक तुम्हीही ओळखता. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती जमणारा तो लाल-काळा लांबट किडा, मानेवर चिरडला की आग आग होऊन फोड उठतो, तो. त्याच्या गोतावळ्यातले काही इतके खोल मातीत राहतात की त्यांना डोळे नाहीत, पंख नाहीत, रंगही जेमतेम. एका डोंगरावरचा भुंगेरा शेजारच्या डोंगरावर सापडेलच असं नाही. नसरीननं ते फक्त चित्रांत पाहिले होते आणि आता ती निवृत्त होणार होती.

सार्डिनियात तिच्या ओळखीच्या एक बाई होत्या, ग्रात्सिएल्ला. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या नवऱ्याला, पिएत्रोला, गावावरच्या ओकच्या रानात असाच एक भुंगेरा सापडला होता. एकच, आणि तीही मादी. या मंडळींत जात वेगळी आहे की नाही ते नराच्या शरीरातले भाग बघूनच ठरतं. नर सापडायच्या आत पिएत्रो गेले. तेव्हापासून दर वसंतात ग्रात्सिएल्लाबाई एकट्या वर जाऊन खणत होत्या. आता त्यांचे गुडघे गेले होते. त्यांनी नसरीनला कळवलं होतं, यंदाचं वर्ष शेवटचं, येत असाल तर या.

घरी मी विषय काढला तेव्हा ह्यांना वाटलं चेष्टा चाललीय. मग सूनबाई म्हणाली, मी बघते दुकान, आई, तुम्ही जा. तिथं प्रश्न मिटला.

कुणाला जायचं असेल तर आधी व्हिसाचं सांगते. तीन महिने आधी तयारीला लागा. आमंत्रणाचं पत्र, बँकेचे कागद, प्रवासाचा विमा, सगळं लागतं आणि मुंबईला खेप होते. विमान इथून मुंबई, पुढं रोम, रोमहून बेटावरचं ओल्बिया. शेवटचं तिकीट आधी काढलं तर आपल्याकडच्या विमानाइतकंच पडतं. महिना एप्रिलचा निवडा. उन्हाळ्यात बेटावर समुद्राची गर्दी होते, भाव चढतात आणि माती दगडासारखी होते. पण डोंगरात एप्रिलमध्येही थंडी असते, स्वेटर विसरू नका. मी विसरले आणि सगळा प्रवास नसरीनच्या शालीत काढला.

ओल्बियाला ग्रात्सिएल्लाबाई स्वतः गाडी घेऊन आल्या होत्या. पांढरे आखूड केस, हातात काठी आणि काठी मागच्या सीटवर टाकून चालवण्याचा वेग असा की नसरीननं दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली. रस्ते झकास, टोल कुठंच नाही. दोन्ही बाजूंना बुचाच्या ओकची झाडं, कमरेपर्यंत साल सोललेली, खालचं खोड तांबडं लाल. आणि मेंढरं. नुओरो भागातल्या डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याला लागलो तसं प्रत्येक उतारावर पांढरे कळप आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज. मी काच खाली केली. नसरीन म्हणाली, थंडी वाजते गं. मी काच तशीच ठेवली.

गाव डोंगराच्या कुशीत, दगडी घरांचं. राहायला ग्रात्सिएल्लाबाईंच्याच घरची माडीवरची खोली. तुम्हाला अशी ओळख नसली तरी गावागावांत घरगुती खोल्या मिळतात, नाश्त्यासकट. दुपारी सगळी दुकानं बंद होतात, तेव्हा सामान सकाळीच घ्या. कॉफी काउंटरशी उभ्यानं प्यावी, बसून प्यायली की महाग. खाण्याची आमची चंगळ झाली. पापडासारखी मोठी, पातळ, कुरकुरीत भाकरी असते, ती मेंढपाळ महिनाभराची बांधून रानात न्यायचे म्हणे. बटाटा, चीज आणि पुदिन्याचं सारण भरलेल्या करंज्या उकडून देतात, त्यांची मुरड गव्हाच्या लोंबीसारखी घालतात. हलाल मिळणार नाही म्हणून नसरीन तिथं मांस खाणार नव्हती, तिचं चीज-भाकरीवर मजेत भागलं. मी घरचा येसर नेला होता, भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. त्याची आमटी केली तर ग्रात्सिएल्लाबाईंनी दोनदा घेतली, नाक पुसत पुसत.

दुसऱ्या सकाळी रानात गेलो. वनखात्याची परवानगी बाईंनी आधीच काढली होती. ती नसेल तर एक मुंगीसुद्धा उचलू नका. सदाहरित ओकची ती दाट सावली, खाली पानांचा थर, त्याखाली काळी माती. काम सांगायला सोपं आहे. मोठा रुतलेला दगड बघायचा, तो उलथायचा, त्याच्या खालची खोल माती काढायची. ती बादलीत पाण्यात कालवायची. जड माती तळाला बसते, हलका काडीकचरा आणि जीवजंतू वर तरंगतात. ते गाळणीनं उचलून मलमलवर घ्यायचं, पिळायचं आणि पांढऱ्या थाळीत पसरून भिंगाखाली बघायचं. उरलेलं घरी नेऊन नरसाळ्यावरच्या जाळीत ठेवायचं. कचरा वरून वाळत गेला की किडे ओल शोधत खाली सरकतात आणि बाटलीत पडतात.

करायला मात्र कंबर मोडते. पाणी झऱ्यावरून आणायचं, तो झरा उताराच्या खाली. बाई दगडावर बसून काठीनं जागा दाखवायच्या, नसरीन आणि मी खणायचो. निघालं बरंच काही. गोमी, पांढरे उड्या मारणारे बारके किडे, कोळी, एक झोपलेला विंचू. भुंगेरा नाही. रोज संध्याकाळी नरसाळ्याखालच्या बाटल्या बघायच्या आणि रोज बाई इंग्रजीत तेच म्हणायच्या, उद्या. त्या वर्षी पाऊस लवकर थांबला होता, वारा कोरडा सुटला होता. नसरीनचं म्हणणं, ओल खाली गेली तसे तेही खाली गेले.

उताराच्या वरच्या टोकाला एक जुना ओक होता, त्याच्या मुळांत म्हशीएवढा दगड. माती तिथं अजून ओली होती, लांबूनही काळी दिसायची. पण ती जमीन एका मेंढपाळाची, तोनिनोची. त्यानं बाईंना पूर्वीच बजावलं होतं की इथं खणायचं नाही. बाई त्याच्याशी पुन्हा बोलायला तयार नव्हत्या. परत जायचा दिवस जवळ आला तेव्हा नसरीन त्यांना म्हणाली, विचारून तर बघू, तुम्ही फक्त दुभाषी व्हा.

तोनिनो कळप घेऊन वरच आला होता. साठीचा, रुंद खांद्यांचा, डोक्याला चपटी टोपी. तो त्याच्या भाषेत बोलायचा, बाई इंग्रजीत सांगायच्या, नसरीन मला मराठीत. त्याचं म्हणणं साधं होतं. काही वर्षांपूर्वी कुणी किडेवाले आले, खड्डे तसेच उघडे टाकून गेले. गाभण मेंढीचा पाय त्यात गेला आणि मोडला. मेंढी वाचली नाही.

नसरीन त्याला भुंगेऱ्याचं महत्त्व समजावायला लागली. तो मान हलवत राहिला. मला राहवलं नाही.

"त्याला सांग," मी नसरीनला म्हणाले, "माझ्या बापाची मेंढरं होती. असा खड्डा कुणी ठेवला असता तर त्यानं त्या माणसाला शिवारात पाय ठेवू दिला नसता. ह्याचं बरोबर आहे. आम्ही नाही खणत."

"काय बोलतेस तू? उद्याचा एकच दिवस राहिलाय," नसरीन म्हणाली.

"सांग तर."

तिनं नाखुशीनं सांगितलं, बाईंनी पुढं सांगितलं. तोनिनो माझ्याकडं वळला. मग त्यानं विचारलं, किती मेंढरं होती, कुठल्या जातीची, लोकर कशी, दूध काढायचात का. मी सांगत गेले. आमची काळी, दख्खनी, लोकर राठ, तिची घोंगडी होतात. पावसाळा संपला की बाप कळप घेऊन लांब चराईला जायचा, पाऊस लागला की परत यायचा. तो म्हणाला, त्याचा बापही थंडीत कळप घेऊन खाली मैदानात उतरायचा, महिनोन्‌महिने घरी नसायचा. दोन भाषा ओलांडून हे सगळं जाता-येता इतका वेळ लागला की मेंढरं आमच्याभोवती चरून पुढं गेली. एक कोकरू माझी ओढणी चघळायला लागलं. आमच्याकडं मेंढराला हाकारायला जीभ टाळूला लावून आवाज काढतात, तो मी काढला. कोकरानं ढुंकून पाहिलं नाही. तोनिनो पहिल्यांदा हसला.

जाताना तो बाईंना काहीतरी म्हणाला. बाईंनी आनंदानं काठी आपटली. नसरीननं मला सांगितलं, "म्हणतो, उद्या खणा. बुजवायला मी स्वतः येतो."

शेवटच्या दिवशी उन्हं वर यायच्या आत आम्ही ओकपाशी होतो. तोनिनो पहार घेऊन आला. दगड पूर्ण उलथणं शक्य नव्हतं, त्यानं एक कड उचलून खाली लाकूड सारलं. दगडाखालची माती हातात घेतली तर गार आणि जड, पिठासारखी बसणारी. आम्ही बादल्यांवर बादल्या धुतल्या. पाणी तोनिनोनं गाढवावरून आणून दिलं. नसरीन थाळीवर वाकलेली, भिंग डोळ्याला. दुपार झाली. बाईंनी भाकरी-चीजची पुरचुंडी सोडली, नसरीन जेवायला उठली नाही.

मग तिनं हात वर केला. मला खुणेनं जवळ बोलावलं.

मी भिंगातून बघितलं. आधी मला वाटलं माझ्याच मलमलचं तूस आहे. मधासारख्या फिक्या रंगाचं, तिळापेक्षाही बारीक, दोऱ्याचं तोडलेलं टोक. मग ते चाललं. डावी-उजवीकडं वळत, शेपटीकडचा भाग वर उचलत, ओल्या काडीच्या कडेकडेनं वाट काढत गेलं. डोळ्यांच्या जागी काहीच नव्हतं आणि तरी त्याला कुठं जायचंय ते पक्कं माहीत असल्यासारखं.

"या अल्लाह," नसरीन हळूच म्हणाली. "वंदना, हाच गं. हाच."

एवढंच बोलून ती रडायला लागली आणि भिंग ओलं झालं म्हणून स्वतःवरच चिडली. त्या ढिगात आणखीही निघाले. बाईंना उठवून आणलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग तोनिनोच्या हातात भिंग दिलं. तो म्हणाला, ह्याच्यासाठी? आणि परत वाकला. बराच वेळ सोडेना.

खड्डा आम्ही सगळ्यांनी मिळून बुजवला, दगड जागेवर बसवला. तोनिनोनं पायानं माती दाबली, वर पानं पसरली.

संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात सूक्ष्मदर्शक मांडला. सुईचं काम नसरीननं केलं. तिनं एकाला बाजूला सारलं, मादी. दुसरी, तीही मादी. तिसऱ्यावर ती वाकूनच राहिली आणि मग खुर्ची मागं घेऊन बाईंना बसायला दिली. बाईंनी बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. मग म्हणाल्या, नर आहे, पिएत्रोचं नाव देणार ह्याला. कपाटातून त्यांनी डोंगरी फळांची गोड दारू काढली. मी चाखली, खोकले. नसरीननं लिंबाचं सरबत घेतलं आणि आमच्यापेक्षा जास्त झिंगली. जुनी गाणी म्हणाली, एकही पुरं नाही. बाई काठीनं ताल धरत होत्या.

घरी येऊन आता काही महिने झाले. लोक विचारतात, एवढं लांब गेलात, समुद्र बघितला का? बघितला, विमानातून. रोम? विमानतळ. पैसे वसूल झाले का म्हणाल तर मला तो हिशोब येत नाही. मला एवढं कळतं की माझ्या मैत्रिणीनं आयुष्यभर ज्याच्या मागं घालवलं ते मी तिच्या शेजारी बसून चालताना पाहिलं. लग्नानंतर तिच्या-माझ्या भेटी दुकानातल्या, दहा मिनिटांच्या. इतके दिवस आम्ही एका खोलीत शाळेनंतर पहिल्यांदा राहिलो. ती अजूनही झोपेत बडबडते.

परवा दुपारी दुकानात होते. समोर बिडकीनच्या एक बाई लेकीच्या लग्नाचं कापड बघत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. ग्रात्सिएल्लाबाई. नसरीनही त्याच फोनवर जोडलेली. प्रत्येक भुंगेऱ्याच्या खाली नखाएवढी चिठ्ठी लावतात, कुठं सापडला आणि कुणी शोधला ते लिहून. नसरीनचं नाव त्यांनी लिहिलं होतं, तोनिनोचंही. माझं कसं लिहायचं, विचारत होत्या. मी माहेरचं आडनाव सांगितलं. मग एकेक अक्षर, सावकाश, इंग्रजीत. त्यांनी परत वाचून दाखवलं, बरोबर होतं.

फोन ठेवला तर त्या बाई माझ्याकडंच बघत होत्या.

"काय झालं हो? रडताय का हसताय?"

"एका किड्याखाली माझं नाव लागलंय," मी म्हणाले. "परदेशात."

त्यांनी मांडीवरचं कापड बाजूला सारलं.

"लई चांगलं झालं की मग," त्या म्हणाल्या. "आता ते मोरपंखी दाखवा."