जागच्या जागी

धाकटा भाऊ लढाईत गेला, तेव्हा पलटणीतल्या साहेबांनी मला फोनवर सगळं नीट सांगितलं होतं. पहाटे मांडीत गोळी लागली, तरी दुपारी जीव जाईपर्यंत तो चौकीवरून हलला नाही. मी मात्र मायला म्हणालो, "जागच्या जागी गेला. त्याला कायबी कळलं न्हाई." मला खोटं बोलता येत नाही, पण तेवढं एक साधलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला माय तेच सांगायची, "लेकराला तरास झाला न्हाई." त्या आधारावर ती दोन घास खायला लागली.

यंदा त्याला मरणोत्तर पदक मिळालं. सिरसाळ्याच्या बाजारात माय हिंदी बोलून भाव पाडते, पण दिल्लीच्या समारंभात वाचलेल्या मानपत्राची जड हिंदी तिच्या डोक्यावरून गेली. सुटलो, असं मला वाटलं.

मग गावानं शाळेत सत्कार ठरवला. मानपत्राचं मराठी मी केलं आणि गोळीनंतरचं वाक्य गाळून कागद सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींना दिला. गुरुजी भला माणूस, पण कामात चोख. त्यांनी तो मूळ कागदाशी ताडून पाहिला. ऐन कार्यक्रमात माझ्या खुर्चीशी वाकून म्हणाले, "आहो, खरं शौर्यच गाळलंत की तुमी! मी घातलं बरं का."

माय शेजारी बसलेली. तिच्या देखत काय सांगणार?

"मांडीत गोळी लागली, तरी पहाटेपासून दुपारपर्यंत, शेवटच्या श्वासापर्यंत या वाघानं जागा सोडली नाही!" गुरुजींचा आवाज टिपेला पोचला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सांगायला लाज वाटते, मीही वाजवल्या. हातांचं दुसरं काय करावं तेच कळेना.

माय माझ्याकडे वळली. रागावली असती तर परवडलं असतं.

"पहाटंपसून?" ती हळूच म्हणाली. "मंग पानी तरी कुनी दिलं का रं त्याला?"

दिलं होतं. सोबत्यानं त्याचं डोकं मांडीवर घेऊन आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं होतं. साहेबांनीच सांगितलं होतं मला. जागच्या जागीच्या गोष्टीत ते बसेना, म्हणून मी कधी बोललो नव्हतो.

"दिलं, माय. खरंच दिलं. सोबतच्या गड्यानं पाजलं."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "किती खोटं बोलशील माझ्यासाठी."