आयसीयू झालं, डॉक्टर मिळेना

परळीत स्टेशनच्या मागं आमचा दवाखाना आहे. तो सरकारी नाही, कुणा डॉक्टरच्या मालकीचाही नाही. आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या लोकांनी मिळून उभा केलेला. मी नर्स म्हणून लागले तेव्हा तिथं बाळंतपणं, ताप, जुलाब, मलमपट्टी एवढंच चालायचं. त्यापुढं काही झालं की अंबाजोगाईचं मोठं सरकारी रुग्णालय.

अंबाजोगाईची ती वारी थांबावी म्हणून सगळ्यात जास्त धडपडले ते दवाखान्याच्या कमिटीतले एक फळवाले चाचा. त्यांची बहीण अंबाजोगाईला नेताना जीपमध्येच गेली होती. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. पण आयसीयूसाठी नव्या इमारतीचा विषय निघाला, की गाडा तसाच सोडून मीटिंगला येऊन बसायचे. आयसीयूच्या खाटा आल्या, व्हेंटिलेटर आला. तो खोक्यातून काढताना चाचा लहान मुलासारखे मध्ये मध्ये येत होते.

"बेटी, ये सांस देता ना?"

"हो चाचा."

"बस. अब किसी को कहीं जाने का नहीं."

आयसीयू चालवायला एक डॉक्टर आले, पुण्याचे. चांगले होते. आम्हाला हाताला धरून शिकवायचे. पण बायकोची नोकरी तिकडं, मुलगी लहान. दिवाळीला गेले ते परत आलेच नाहीत. कमिटीच्या अध्यक्षांनी लातूर, संभाजीनगर, नांदेड सगळीकडं माणसं पाठवली. कुणी राहायला तयार होईना. एकदा मी विचारलं तर चिडून म्हणाले, "मशीन आणली की मी. डॉक्टर कुठून आणू, सांगा तुमीच!"

त्या उन्हाळ्यात एका दुपारी चाचांनाच रिक्षातून आणलं. दम्याचा जुना त्रास, त्यात छाती भरलेली. ओठ निळे पडले होते. ड्यूटीवर आयुर्वेदाचे तरुण डॉक्टर होते. आम्ही ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, वाफ दिली. श्वास काही सुधारेना.

"यांना नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले, "आणि मी ते कधीच केलेलं नाही, सिस्टर."

गावातल्या भूलतज्ज्ञांना फोन लावला. ते दुसरीकडं सिझरला उभे होते. व्हेंटिलेटर खाटेपासून हातभर अंतरावर होता. चाचा त्याच्याकडं बघायचे, मग माझ्याकडं. मी ऑक्सिजन चालू आहे का ते उगीचच पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

अंबाजोगाईला न्यायला अँब्युलन्स दाराशी लागली तेव्हा चाचांनी मास्क बाजूला केला. "यहींच रखो ना, बेटी. अपना दवाखाना है."

"चाचा, मी येते ना तुमच्यासंगं," म्हणत मी मास्क परत बसवला.

घाटातल्या वळणांवर चाची त्यांचे पाय धरून बसल्या होत्या. मध्येच श्वास अडखळायला लागला, तसा मी तोंडावर हातानं श्वास द्यायची अंबू बॅग धरून दाबत राहिले. मनगटं भरून आली. ड्रायव्हर जमेल तेवढं पळवत होता, तरी पुढं उसाचा ट्रॅक्टर आला की सगळं थांबायचं. चाची एकदाच म्हणाल्या, "वो मशीन संग ले लेते तो?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

अंबाजोगाईत चाचांना जिवंत पोचवलं. तिथल्या डॉक्टरांनी लगेच नळी टाकली, धडपड केली. पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

आता लातूरहून एक डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. त्या दिवशी आयसीयू उघडतं. बाकीच्या दिवशी मी खाटांवर चादरी बदलते, मशीन पुसते, कुलूप लावते. गंभीर पेशंट आला, की नातेवाईक काचेतून आत बघतात.

"सिस्टर, हितं सगळं हाय की. मंग कावून पाठवता?"

डॉक्टर नाहीत, असं मी सांगते. पटत नाही त्यांना. मी पेशंटचा मास्क नीट बसवते आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला फोन लावते.