पालीची साक्ष

सदलग्याच्या गुणाबाईचं तोंड फक्त देवळात आणि झोपेत बंद असायचं, आणि झोपेबद्दल शेजारी छातीठोकपणे सांगत नसत.

१९३१ च्या माघात तिच्या भावाची, आप्पाण्णाची, मुलगी ब्राह्मी हिला बघायला निपाणीहून पाहुणे आले. याआधी दोन स्थळं फिरली होती. तिसरं फिरलं असतं तर पोरीतच खोट आहे म्हणायला गाव मोकळं. त्यात बैलगाडीचं चाक निखळून पाहुण्यांना उशीर झाला. दिवस मावळायच्या आत सुपारी फुटून पंगत उठायला हवी होती. मावळल्यावर जैनाच्या घरात घास कुठला?

आप्पाण्णानं सुपारी हातात घेतली. "पोरगी आमची लई गुणाची हाय..."

चुक चुक चुक! भिंतीवरून आवाज आला.

वराची आई राजमतीबाई ताडकन उठली. "पाल चुकचुकली! अण्णा, गाडी जुंपा."

अण्णा म्हणजे तिचा भाऊ गुंडाप्पा. त्यानं आधी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि पालीकडं वळला.

"अवो, जीव हाय त्यो!" गुणाबाई आडवी आली. "आणि साक्षीदारावर कुणी झाडू उगारतं व्हय?"

"कसला साक्षीदार?"

"पाल म्हंजे कोण, ठावं हाय का? घोरपड हिची थोरली आक्का, ती ऱ्हायली रानात. सरडा भाऊ, त्यो कुंपणावर बसून कुणी काय बी म्हणू दे, मान हलवतोय. घरात नांदली ती हीच. मग घरातलं खरं कुणाला ठावं? आमच्याकडं कानडी माणसं हिला हल्ली म्हणत्यात. बोलताना हल्ली बोलली, की बोलणं खरं! आप्पाण्णा म्हणाला पोरगी गुणाची, हिनं शिक्का मारला."

"निपाणीत असं न्हाय, आक्का," राजमतीबाई म्हणाली. "तिथं ह्यो अपशकुन."

"पाल निपाणीची न्हाय, सदलग्याची हाय!"

पडद्याआड ब्राह्मी फस्सकन हसली. गुणाबाईला जोर चढला. "पारख करा की! मामा, मगाशी नवऱ्या मुलाकडं बारा बैलं म्हणालासा. म्हणा परत."

"बारा हायत," गुंडाप्पा म्हणाला. सगळ्या माना भिंतीकडं. पाल गप्प.

"बरं, धा." गप्प.

"आठ...?" गुंडाप्पाला घाम फुटला.

"अण्णा, गप बसा!" राजमतीबाईला राहवेना. "चारच हायत!"

चुक चुक चुक!

घर खदखदून हसलं. राजमतीबाई डोळे पुसत खाली बसली. उन्हाची शेवटची तिरीप उंबऱ्यावर आली होती. "काय माणसं म्हणायची ही! पण पोरगी पसंत हाय मला."

चुक चुक!

सुपारी फुटली. ताटं धावतच आली.

वाढता वाढता ब्राह्मी गुणाबाईच्या कानाशी वाकली. "आत्ती, पाल तर आधीच आढ्यावरनं भाईर गेलती. मग शेवटचं कोण चुकचुकलं गं?"

गुणाबाईनं अर्धी पोळी एकदम तोंडात कोंबली आणि दिवस मावळेपर्यंत ती चघळतच राहिली.