बडेबाबूंचा उठावना

आमच्या विद्यापीठात कोणी गेलं की शोकसभा भरायला वेळ लागत नाही. हार येतो, ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीला टेकवतात आणि आमचे विभागप्रमुख उभे राहून सांगतात की दिवंगत हे सरळ, सौम्य, मृदुभाषी आणि मिलनसार होते. माळी गेला तेव्हा तो मृदुभाषी होता. कुलसचिव गेले, तेही मृदुभाषी निघाले. मग दोन मिनिटांचं मौन, जे पुरं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही, आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी. जाणाऱ्याला ही सुट्टीच जास्त पुण्य मिळवून देत असावी.

देवासच्या आमच्या परीक्षा विभागातले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, गेले तेव्हा मात्र पंचाईत झाली. माणूस कमालीचा तिखट. खिडकी कोणी उघडली, दार कोणी आपटलं, माझ्या माठातलं पाणी कोण प्यायलं, यावरून दिवस सुरू व्हायचा. लग्न केलं नव्हतं. आठवडाभर देवासला खोली घेऊन राहत आणि शनिवारी धारला आईकडे जात. तिथेच एका रविवारी झोपेत गेले. म्हणजे जाताना तरी कोणाशी भांडले नाहीत.

सोमवारी विभागप्रमुख सरांनी मला बोलावलं. बडेबाबूंनंतर विभागात मराठी अशी मी एकटीच उरले होते.

"मॅडम, आप लोगों में उठावना कितने बजे रहता है?"

माळव्यात तिसऱ्या दिवशी सगळे एकाच वेळी जमतात, पांढऱ्या कपड्यांत थोडं बसतात आणि उठतात, तो उठावना. काही मराठी घरांनीही आता तो उचललाय. पण धारचं ते घर जुन्या वळणाचं. तिथे माणसं एकेक करून समाचाराला येणार, पुढे दहावा, तेरावा. मी म्हटलं, "सर, उनके यहाँ उठावना नहीं होता."

सर समजुतीने हसले. मी भिडस्तपणा करतेय असं त्यांना वाटलं. "अरे, ऐसे कैसे नहीं होता? आदमी गया है," ते म्हणाले आणि बस ठरवून मोकळे झाले.

मंगळवारी दुपारी विद्यापीठाची बस धारच्या त्या गल्लीत शिरली आणि अडकली. मागे घेता येईना, पुढे नेता येईना. घराघरांतून बायका बाहेर आल्या. बसमधून पांढरेशुभ्र कपडे घातलेली अख्खी कचेरी उतरताना पाहून शेजारीण म्हणाली, "काय भिया, बारात है क्या?" सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की बिचारी घरात पळाली.

घरात बडेबाबूंची आई एकटीच होती. पुतण्या अस्थी घेऊन नर्मदेला गेलेला. सतरंजी अंथरलेली नाही, पाणी देणारं कोणी नाही, आणि आम्ही ओसरीपर्यंत दाटीवाटीने बसलेलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजींनी मात्र मला हाताला धरून जवळ बसवलं. मराठी ऐकून त्यांना धीर आला असावा.

"बाई, तिथे त्याला माणसं होती ना हो?" त्यांनी विचारलं. "मी विचारलं की नुसतं 'बरं आहे' म्हणायचा. एकट्याने दिवस काढले की काय पोराने, एवढंच मला सांगा. दुसरं काही नको."

मी तोंड उघडणार तोच सर उभे राहिले. हात जोडले, घसा साफ केला आणि आजींना सांगायला लागले की बाबूजी सरल थे, सौम्य थे, मृदुभाषी थे. मागे कोणीतरी खोकलं. आजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं पुटपुटणंही सगळ्यांना ऐकू गेलं.

"हे कोणाबद्दल बोलताहेत? माझा बाळ आणि मृदुभाषी? हे त्याला ओळखतच नाहीत गं." आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे कोणी नव्हतंच त्याचं."

सरांना मराठी बोलता येत नाही, पण कळते. त्यांचा चेहरा उतरला आणि मग लालच झाला. मला वाटलं, आता पुन्हा मिलनसारवर जातील. पण ते मटकन खाली, आजींच्या समोर बसले.

"मैं नहीं पहचानता? मैं?" ते म्हणाले. "माताजी, रोज़ लड़ते थे मुझसे! मैं बैठा हूँ, और मेरे सिर का पंखा बंद! पूछो तो बोले, आपको सर्दी है. मेरी चाय में से शक्कर कम करवा दी, बिना पूछे. घरवाली को फोन लगा के मेरी शिकायत करते थे, माताजी. मेरी घरवाली को! छुट्टी के दिन भी मुझे लगता है कि अभी कोई डाँटेगा."

सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तक्रार थांबत नव्हती. आईकडे पोराची चुगली करावी तशी ते करत होते. मलाही रडू फुटलं. त्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांत कोरड्या डोळ्यांचं कोणी राहिलं नाही.

आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा सैल झाला, जरासं हसूही आलं. त्यांनी सरांच्या हातावर हात ठेवला.

"लहानपणापासून असाच आहे तो," त्या म्हणाल्या. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, साहेब. शनिवारी आला की बोलते मी त्याला."

मग सरांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "जी माताजी. ज़रूर बोलिएगा."