आवाजाचं तेवढं बघा

“याचा आवाज कुठे गेला?”

राऊतकाकांनी टॉर्चचं डोकं तिसऱ्यांदा फिरवलं. लाइट लागला. उलटं फिरवलं, विझला. मी काउंटरच्या मागे कौतुकाची वाट बघत होते. इतका मऊ फिरणारा टॉर्च वसईत दुसऱ्या कोणी करून दाखवावा, असा माझा तोरा होता.

“गेला ना काका,” मी म्हटलं. “पार घालवला.”

“अहो, पण घालवायला कोणी सांगितलं?”

मी जॉब कार्ड काढून पुढे केलं. चार दिवसांपूर्वी त्यांच्यासमोरच लिहिलं होतं. ‘की-चेन टॉर्च, एक नग. सर्व्हिस. आवाजाचं बघणे.’ शब्द त्यांचेच. दुकानाची पायरी उतरता उतरता म्हणाले होते, “आवाजाचं तेवढं बघा हं, ताई.”

अठ्ठावीस वर्षं मी वसई पूर्वेला मीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात, सर्व्हिस डिपार्टमेंटला काढली. रिटायर झाल्यावर स्टेशनच्या पश्चिमेला हे दुकान टाकलं. पंखा असो, मिक्सर असो, ‘आवाजाचं बघा’ म्हणजे ‘आवाज बंद करा’. दुसरा अर्थ मी कधी ऐकलाच नव्हता. काकांना म्हणायचं होतं, आवाजाला धक्का लावू नका.

आता हा टॉर्च कसला, ते सांगते. बोटाएवढा, अल्युमिनियमचा, आत एक बारीक सेल. बटण नाही. डोकं फिरवून घट्ट केलं की आत कॉन्टॅक्ट टेकतो आणि लाइट लागतो. डोकं ज्याच्यावर फिरतं त्या स्क्रूसारख्या खाचांना आम्ही आटे म्हणतो. आट्यांच्या खाली ओ-रिंग असते, म्हणजे रबराची इवलीशी बांगडी. ती पाणी आत जाऊ देत नाही. काका भुईगावचे. समुद्राची हवा लागून अल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते, मग टॉर्च अडकायला लागतो. सर्व्हिस म्हणजे काय, तर आटे स्पिरिटने आणि ब्रशने साफ करायचे, नवी रिंग बसवायची आणि मोहरीएवढं सिलिकॉन ग्रीस लावायचं. मोहरीएवढंच. जास्त झालं की ते कॉन्टॅक्टवर जातं आणि लाइट मिचमिचतो.

या टॉर्चच्या आट्यांत काळा चिकट थर बसला होता. रिंग फुगली होती. मी तासभर खपून एकेक आटा लख्ख केला. जुनी रिंग आणि पुसायचे कापसाचे बोळे कचऱ्यात टाकले, आणि तो कचरा त्याच दिवशी गाडीत गेला.

“कसला आवाज होता तो?” मी विचारलं.

काकांनी इकडेतिकडे बघितलं. दुसरं गिऱ्हाईक नाही अशी खात्री झाल्यावर तोंडानेच आवाज काढून दाखवला. “चिर्रर्र-टक.” सत्तरीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते गिळलं.

“हा आमच्या हिच्या किल्ल्यांच्या जुडग्याचा,” काका म्हणाले. “त्याच जुडग्यात वाडीतल्या पंपाची किल्ली. दिवेलागणीला पंप बंद करायला तीच जायची. मी ओट्यावर बसलेला असायचो. चाफ्यापाशी गेली की चिर्रर्र-टक. मग पंप थांबायचा. येताना पुन्हा एकदा. ते ऐकलं की मी चहाचं आधण ठेवायला उठायचो.”

काकू मुलीच्या बाळंतपणाला कॅनडाला गेल्या होत्या. सहा महिन्यांसाठी. मग मुक्काम वाढवून घेतला. आता अकरावा महिना चालू होता.

“आता पंप मीच बंद करतो. वाडीत मोठा बल्ब लावलाय, टॉर्चचं काही काम नाही. पण चाफ्यापाशी गेलो की एकदा फिरवतो. ती पुढे चाललीय असं वाटतं.” त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “गेल्या आठवड्यात अडकला, फिरेचना. म्हणून तुमच्याकडे आणला.”

आमचे मिस्टर रात्री कुलूप लावून ते दोनदा ओढून बघायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तो कुलपाचा आवाज मला अजून हवासा वाटतो, आणि तो आता कुठेच मिळत नाही. त्यामुळे मी जॉब कार्ड गुपचूप खणात ठेवलं आणि टॉर्च परत घेतला. “उद्या संध्याकाळी या, काका.”

दुसऱ्या दिवशी बाकीची कामं बाजूला सारून बसले. आधी ग्रीस पुसून आटे कोरडे केले. आवाज आला, पण खर्रर्र असा, कोरडा. कोरडं अल्युमिनियम एकमेकांना खातं, तसे ठेवले तर वर्षभरात आटे संपतील. मग जरा जाड रिंग घालून बघितली. चुंईं झालं. एरंडेलाचा थेंब लावला, व्हॅसलीन लावलं. कारखान्यात असं करताना कोणी बघितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

संध्याकाळी काकांनी डोळे मिटून एकेक प्रकार ऐकला.

“हा नाही. हाही नाही.” तिसऱ्याला जरा थांबले. “हा जवळचा आहे. पण दुसऱ्याच कोणाचा तरी आहे.”

“काकू याला लावायच्या काय?”

“मला काय माहीत? मी कधी विचारलं नाही.”

“मग आता विचारा. तिकडे सकाळ झाली असेल.”

“टॉर्चसाठी कॅनडाला फोन? म्हातारा चळला म्हणेल.” मग हळूच म्हणाले, “आमचं बोलणं रविवारी. मुलगी फोन धरते, समोर बाळ. त्यात मी काय बोलणार?”

“मला रिपेअरला माहिती हवीय, काका. हे टेक्निकल आहे.”

‘टेक्निकल’ म्हटल्यावर त्यांना धीर आला. त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दोघं घरच्या बोलीत बोलत होते. सगळे शब्द मला लागले नाहीत, म्हणून समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

“काही नाही हो लावायचे,” काकू म्हणाल्या. “केसांना तेल चोपडलं की तोच हात. वर वाडीतली माती. पण आज मध्येच फोन? आणि टॉर्च कशाला काढलात?”

“आवाज गेला त्याचा.”

“बरं झालं की! इतका घट्ट फिरायचा, अंगठा दुखायचा माझा.”

काकांनी टॉर्च एकदा फिरवला, मग उलटा फिरवला. मी स्पिरिटची बाटली उगाचच पुसत राहिले. फोन ठेवतात की काय असं मला वाटलं.

“तू कधी येतेस?” काका म्हणाले.

तिकडे मागे बाळ काहीतरी बडबडत होतं.

“अकरा महिन्यांत आज विचारलंत,” काकू म्हणाल्या. “दर रविवारी आपलं एकच. सावकाश ये, इकडे सगळं ठीक आहे. मला वाटलं, जमलं तुम्हाला माझ्यावाचून.”

“नाही जमत,” काका म्हणाले. इतक्या मोठ्याने, की बाहेरचा केळीवाला वळून बघायला लागला. “नाही जमत गं मला.”

मी बाटली ठेवली आणि आतल्या बाजूला गेले. त्या बोलण्यात माझं काही काम नव्हतं.

आठवड्याने काका टॉर्च न्यायला आले. काकूंचं तिकीट झालं होतं. त्या यायला बावीस दिवस राहिले, असं त्यांनी मी न विचारता सांगितलं. मी म्हटलं, जाड रिंग आणि खोबरेल लावून तसा आवाज आणायचा प्रयत्न करू शकते, पण रिंग पुन्हा फुगेल.

“नको. ग्रीसच राहू द्या. तिचा अंगठा दुखतो.”

एकूण या कामात मी दुरुस्त असं काहीच केलं नाही, चांगली वस्तू तेवढी बिघडवली. हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न जास्त विचारावा, एवढं मात्र शिकले. मला त्याला चार दिवस लागले. काकांना अकरा महिने लागले, म्हणून मी स्वतःला फार बोल लावून घेत नाही.

आज सकाळी काका दुकानावरून गेले. आत आले नाहीत. पायरीपाशी थांबून “नऊ” म्हणाले, आणि घाईघाईने बाजाराकडे निघून गेले.