वहिनी पडद्यावर बोलायच्या

मंगलवहिनी गेल्याचा फोन रंगनाथनं स्वतःच केला. "वहिनी गेली तुझी," एवढंच म्हणाला. चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं काढली. पण खरं सांगायचं तर पडेगावच्या त्याच्या घरी माझ्या चकरा व्हायच्या त्या वहिनींसाठी. भांडायला त्यांच्याइतकं चांगलं माणूस मला दुसरं मिळालं नाही.

साठी उलटल्यावर त्यांनी कॉम्प्युटर शिकायचं मनावर घेतलं. मुलगा पुण्याला जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेला होता, त्यावर नुसतं क्रोशाचं कव्हर घातलेलं असायचं. वहिनी गल्लीतल्या क्लासला पोरीबाळींमध्ये जाऊन बसू लागल्या. रंगनाथ त्यांना चिडवायचा आणि मीही त्याच्या सुरात सूर मिसळायचो. आपण साधी माणसं, फोन उचलता आला म्हणजे झालं, बाकीचं पोरं बघतात की, असं आमचं म्हणणं. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "साध्या माणसाचंच अडतंय, भाऊजी. मोठ्या लोकांकडं करून द्यायला माणसं असत्यात." आम्ही शहाण्यासारखा विषय बदलला.

त्या वर्षी खंडेनवमीला रंगनाथनं नेहमीप्रमाणे पाने-पकडी पूजेला मांडल्या, तर वहिनींनी त्यांच्या शेजारी कीबोर्ड आणून ठेवला. हळद-कुंकू वाहिलं, वरून भरपूर अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या कळा दबेनात, कारण तांदूळ खाली जाऊन बसलेले. रंगनाथ हसून हसून बेजार झाला. वहिनींनी मात्र भुवई कोरायच्या चिमट्यानं दाणा न् दाणा उपसून काढला आणि पुढच्या वर्षी पुन्हा पूजा केली, फक्त झेंडूचं फूल ठेवून.

मग घशाच्या आजारानं त्यांना गाठलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. संधिवातानं वाकड्या झालेल्या बोटांत पेन धरवत नव्हतं, आणि त्यांच्या खुणा रंगनाथला समजत नव्हत्या. पाणी मागितलं की तो पंखा लावायचा. जन्मभर घर बोलतं ठेवणारी ही बाई आता आपल्याच नवऱ्याशी बोलू शकणार नाही, या विचारानं मला खरोखर भीती वाटली होती. एका दुपारी मी तिथंच होतो. वहिनी भिंतीला धरून उठल्या, कॉम्प्युटरपुढं बसल्या आणि एका बोटानं ठळक, मोठ्या अक्षरांत टाइप केलं, "पंखा बंद करा. थंडी वाजायली." रंगनाथ पंख्याच्या बटणापाशी उभा राहून रडला.

पुढं त्या घरातलं बोलणं असंच चालायचं. वहिनी टाइप करायच्या आणि तो मोठ्यानं उत्तर द्यायचा. माझ्याशी भांडणंही तशीच व्हायची, आणि तरीही त्याच जिंकायच्या. मी गेलो की पडद्यावर ठरलेलं वाक्य यायचं, "ह्यांना शिकवा. मी काय जन्माला पुरणार हाव का?" रंगनाथ हात झटकायचा. "तू हायेस की," म्हणायचा. एवढं दुखणं सोसताना त्यांना काळजी होती ती त्याची. असं माणूस मी फार जवळून पाहिलं, याचा मला अभिमान वाटतो.

परवा गेलो तर रंगनाथ त्यांच्या खुर्चीत बसला होता. पडद्यावर वहिनींचं सगळं बोलणं एकाखाली एक तसंच होतं. गोळी घेतली का. भाजीत मीठ कमी झालं का. माझं करून करून कंटाळलात का… त्याची उत्तरं मात्र कुठंच नव्हती. ती त्यानं तोंडानं दिलेली.

"हिचं एकटीचंच राहिलंय रे," तो म्हणाला. "मी नुसता गप्प बसून होतो, असं वाटायलंय."

मग त्यानं मला शेजारी बसवून घेतलं आणि कुठलं अक्षर कुठं असतं ते विचारलं. चष्मा पुसून, एकेक कळ शोधत, त्या शेवटच्या प्रश्नाखाली त्यानं लिहिलं… "नाय गं मंगल."