दसऱ्याच्या मुहूर्तावर शंभर कन्सोल

माझ्या थोरल्या बहिणीने हावड्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ गेमचा कन्सोल बनवला. शेडचा मालक म्हणाला, "शंभर नग करून देतो. दिवाळीच्या आत खपले तर पुढचे बनवू, नाही तर माझी मशीनं रिकामी करा." दिवाळीला एका बड्या परदेशी कंपनीचा नवा कन्सोल येणार होता. तो आला की आमच्याकडे कुत्रंही बघणार नव्हतं, आणि ताई तर यापायी चांगली नोकरी सोडून बसली होती.

आत काय घालायचं यावरून आम्ही तीन महिने भांडलो. ताजी, वेगवान चिप घेतली तर त्याच किमतीत एकच कंट्रोलर देता येत होता. जुनी, मुरलेली चिप घेतली तर दोन. शिवाय नवी चिप तापायची. किती? मी तिच्यावर आम्लेट केलंय. ताई म्हणते, नुसता पापड भाजला होता. कोलकात्याच्या दमट हवेत त्या वर्षी माझ्या पायातल्या चपलांना शेवाळ आलं होतं. खोटं वाटलं तर ताईला विचारा. ती नाही म्हणेल, पण विचारा.

"जुनीच घ्यायची," ताई म्हणाली.

"अगं, लोक वेग बघतात!"

"लोक काय बघतात ते आधी बघून ये."

असलं काम मला फार आवडतं. एस्प्लनेडच्या ज्या दुकानात आमचा माल जायचा होता, त्याच्या काचेबाहेर मी आठवडाभर ठाण मांडलं. बाप किमतीची चिठ्ठी बघायचा, पोरं पडदा बघायची, आणि सोबत दोन पोरं असली की आई खोक्यावरच्या चित्रातले कंट्रोलर मोजायची. प्रत्येक आई! ताई जिंकली.

बाजारात कधी उतरायचं, हे मात्र माझ्याकडे होतं. माल महालयेलाच, म्हणजे सर्वपित्री अमावास्येलाच, तयार झाला. दुकानदार म्हणाला, "दादा, षष्ठीच्या आत आणा, दुर्गापूजा सुरू व्हायच्या आधी." मी त्याला प्रेमाने साडेतीन मुहूर्त समजावले. आमच्याकडे तीन पिढ्या मिक्सर, स्कूटर, शिलाई मशीन सगळं दसऱ्यालाच आलं. पुण्याहून येणाऱ्या कॅलेंडरवर मी त्या दिवसाला लाल वर्तुळच केलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमची मर्जी."

दहा दिवस मी त्या शंभर खोक्यांवर झोपलो. दसऱ्याला खोकी आणि झेंडूची माळ घेऊन मी आणि ताई दुकानी पोचलो, तर शटर अर्धं खाली. रस्त्यावर ढाक वाजत होते, देवीच्या मूर्तींचे ट्रक नदीच्या घाटाकडे चालले होते. शहराने खरेदी षष्ठीच्या आतच उरकली होती. आता ते डोळे पुसत होतं. दिवसभरात एकच गिऱ्हाईक आलं, त्याने माळेची किंमत विचारली.

जन्म इथला. विसर्जन दरवर्षी गच्चीवरून पाहिलेलं. पण घरातला दसरा आणि बाहेरची दशमी एकाच दिवशी असतात, हे पन्नास वर्षांत माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

"शहाण्या," ताई म्हणाली, "देवी म्हणजे लोकांची लेक, ती सासरी निघाली, आणि तू दारात पिपाण्या विकायला बसलास!"

 दुकानदार शटर ओढता ओढता थांबला.

"दादा, एक मला द्या. उद्यापासून बिजोयाचे पाहुणे."

दशमीनंतर इथे माणसं दिवाळीपर्यंत एकमेकांकडे जातात, थोरांच्या पाया पडतात, मिठाई खातात. मोठे गप्पा मारतात, पोरं ताटकळतात. दुसऱ्या दिवशी आम्हीही संदेश मिठाई घेऊन दुकानदाराकडे गेलो. दिवाणखान्यात चाळीस चुलत-मावस भावंडं रांगेत. ताई म्हणते, अकरा. दोघं खेळतायत, बाकीचे कोकलतायत. ताईने यंत्राच्या पाठीवर तळवा ठेवला. सकाळपासून चालू होतं, तरी नुसतं कोमट. तिने तो तळवा तसाच माझ्या गालाला लावला.

त्यातलं प्रत्येक पोर घरी जाऊन आईच्या मागे लागलं. मग त्यांच्या घरी पाहुणे आले, त्या पाहुण्यांची पोरं आली. दिवाळीला दोन दिवस असताना शंभरावा नग शेडच्या मालकानेच नेला. त्याच्याकडेही भाचरं आली होती. जाता जाता तो म्हणाला, "पुढचे कधी लागतील?"

ताईने दुकानदाराला फोन लावला आणि त्याच्याकडून तारीख लिहून घेतली. मी शेजारीच बसलो होतो, कॅलेंडर घेऊन.